राहिलेला उजवा हात

३ नोव्हेंबर

भुसावळचं रेल्वे क्वार्टर सोडून आज धुळ्याला आले. सगळी नोकरी इंजिनाचे भोंगे ऐकत गेली. आता निवृत्तीनंतर तरी शांतपणे चहा प्यावा म्हणून देवपुरातलं हे तळमजल्याचं घर घेतलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे फरशीचं अंगण. वर घरमालक भाईदास आबा आणि त्यांची सून शिल्पा राहतात. आबांचा मुलगा दोंडाईच्याला कापसाच्या जिनिंगमध्ये आहे. आबांनी किल्ली देताना, बठ्ठं घर तुमनंच शे अक्का, म्हणजे सगळं घर तुमचंच, असं सांगितलं आणि पाण्याच्या मोटरचं बटण मात्र वर ठेवलं. माणूस हुशार आहे.

एकट्या बाईला घर देताना लोक नवऱ्याची चौकशी करतात. यांनी केली नाही. मी खूश आहे.

५ नोव्हेंबर

स्वयंपाकघरातलं फडताळ पुसताना वरच्या फळीवर नेलपॉलिशची बाटली सापडली. काळ्याकडे झुकणारा जांभळा रंग, आत चांदीचा चुरा. तिरकी केली की चुरा हळूहळू खाली बसतो. जवळजवळ भरलेली आहे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये रोज प्रार्थनेनंतर नखं तपासत. मेंदीचा डाग दिसला तरी सिस्टर लाकडी पट्टी उभी धरून बोटांवर मारायच्या. पुढे ऑफिसात साहेबलोकांच्या नजरा. या वयापर्यंत मी नखाला रंग लावला नाही, याचा आज एकाएकी संताप आला. दारात उजेडाला बसून डावा हात रंगवला. पहिला थर फिका, गढूळ पाण्यासारखा दिसला. दुसऱ्या थराला चुरा बसला आणि नखं काळीभोर, चमचमती झाली. कडेला थोडं फासलं गेलं, पण छान दिसतंय. उजवा हात मात्र जमेना. डाव्या हातात ब्रश थरथरतो. पुसून टाकलं. उद्या बघू.

६ नोव्हेंबर

शेजारच्या धुरपदाबाई दूध घेताना माझ्या बोटांकडे बघतच राहिल्या. हा रंग कुठून आणला म्हणून विचारलं. मी म्हटलं, दुकानात मिळतो. पुढे म्हणाल्या, काढून टाका अक्का, एकाच हाताला नका ठेवू. मी त्यांना सांगितलं की नखं माझी आहेत आणि सल्ला मागितला तेव्हा द्यावा. त्या पदर तोंडाशी धरून आत गेल्या. या बायकांना म्हातारीने राखाडी साडी नेसून जपमाळ ओढलेलीच आवडते.

मुद्दाम काढणार नाही.

८ नोव्हेंबर

जेवून थोडी आडवी झाले होते. उठले तर उजव्या करंगळीला रंग.

विसराळूपणा म्हणायला हरकत नव्हती. परवाच मी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता. पण डाव्या हाताचं माझं काम गबाळं आहे, आणि ही करंगळी इतकी नेटकी रंगवली आहे की कातडीला रंगाचा ठिपका नाही. असं दुसऱ्यानेच हात धरून करावं लागतं.

कडी आतून लावलेली होती.

१० नोव्हेंबर

आज दुपारी अनामिका.

मेडिकलवाल्याकडून रिमूव्हर आणला. कापूस भिजवून घासला, नखाभोवतीची कातडी सोलली. कापूस पांढराच राहिला.

डाव्या हाताची बोटं गार पडली आहेत. चहाचा कप धरला तर कान गरम आहे की नाही, कळत नाही.

११ नोव्हेंबर

बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले. पेन्शनर जिवंत आहे हे दर नोव्हेंबरात बोट लावून सिद्ध करावं लागतं. सरकारचा आमच्यावर एवढाच विश्वास. हितेंद्र नावाच्या पोराने डाव्या हाताचं एकेक बोट यंत्रावर ठेवून पाहिलं. मग रुमालाने काच पुसली. मग माझी बोटं पुसली. म्हणाला, आजी, मशीनला बोट दिसतच नाही, हात खूप गार पडलेत. मी म्हटलं, तुझं मशीन आंधळं आहे, त्यात माझा काय दोष. सगळी रांग हसली. उजव्या अंगठ्याची पाळी येईपर्यंत त्याचं सर्व्हर बंद पडलं. सोमवारी या म्हणाला.

हसले नाही फक्त मी. यंत्राचा दिवा लाल होता, आणि माझ्या बोटांतून तो आरपार दिसायला हवा होता. दिसला नाही.

१२ नोव्हेंबर

घरात झोपायचंच नाही असं ठरवून सकाळच्या एसटीने जळगावला, भाचीकडे, रोशनीकडे निघाले. पारोळ्यापर्यंत खिडकीला डोकं टेकलं नाही. पुढे ऊन तोंडावर आलं आणि एरंडोलच्या अलीकडे डोळा लागला असावा.

मधलं बोट. अजून ओलं होतं. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला; रंगाचा वास तिलाही आला.

रोशनीने हात पाहून कौतुक केलं. मावशी, मस्त दिसतंय, पार्लरमध्ये केलं का? हो म्हटलं. संध्याकाळच्या गाडीने परत आले. घरात असो की बाहेर, फरक नाही.

१३ नोव्हेंबर

शिल्पाला खाली बोलावून बाटली पुढे ठेवली. तिने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं.

तिची सासू झुंबरबाई याच खोलीत गेली. रात्रभर कुणाला कळलं नाही, सकाळपर्यंत नखं निळी पडली होती. झुंबरबाईच्या माहेरची, दोंडाईच्याची माणसं तोंड पाहायला यायची होती. सून बघत नव्हती, असं म्हणतील, या भीतीने शिल्पाने स्वतःची गडद बाटली काढली. अंगणात तीन विटा मांडून पाणी तापवलं, सासूला न्हाऊ घातलं, हिरवा चुडा भरला आणि नखं रंगवायला बसली. डावा हात झाला. तेवढ्यात वैकुंठरथ आला, पुरुष घाई करायला लागले. उजवा राहिला.

मयताच्या अंगाला लावलेली वस्तू मयताबरोबरच जाते, परत घरात आणत नाहीत. शिल्पाने गडबडीत बाटली कमरेला खोचली आणि मग फडताळात ठेवली. फेकायला हात धजेना.

मी तिला वाट्टेल ते बोलले. भाड्याने देताना फडताळ झाडत नाहीत का, म्हणाले. ती रडत होती. म्हणाली, अक्का, तुम्ही पण डाव्यापासूनच सुरू केलं.

जो तो डाव्यापासूनच सुरू करतो. उजव्या हाताची माणसं काय दुसरं करणार.

१४ नोव्हेंबर

शिल्पा आणि आबा सकाळी बाटली घेऊन पांझरेकाठी स्मशानात गेले. नारळ, हळदकुंकू, जे काय ते. बाटली तिथेच राखेत ठेवून आले. आबांनी हात जोडून सांगितलं, आते काही नही व्हणार.

दुपारी बसल्या बसल्या डोळा लागला. तर्जनी. बाटली घरात नाही तरी.

आता अंगठा तेवढा उरला.

१५ नोव्हेंबर

वरची दोघं दोंडाईच्याला निघून गेली. चार दिवसांनी येऊ म्हणाली. जिन्याला कुलूप.

अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे, वरून फडकं. लिहायला त्रास होतो. चार बोटांना पेन लागत नाही, नुसतं दिसतं.

झोपायचं नाही. सोमवारी दहाला बँक उघडते. अंगठा लावायचा, दिवा हिरवा झालेला पाहायचा. एवढंच.

१६ नोव्हेंबर

उभ्याने जेवले. बादलीत पाय ठेवून बसले. पाढे म्हटले, सिस्टरांची प्रार्थना म्हटली —

अंगणात तीन विटा आहेत. काल नव्हत्या. लाथेने पाडल्या.

धुरपदाबाईंना हाक मारली. त्यांनी खिडकी लावून घेतली. मी त्यांना तसं बोलायला नको होतं.

१७ नोव्हेंबर

सकाळ. नेसून तयार. पासबुक, आधार कार्ड पिशवीत. डोळा लागला नाही. लागला नसावा. घड्याळात आत्ता सात होते आणि आत्ता —

अंगणातून धूर येतो आहे. विटा पुन्हा उभ्या. पातेल्याचा आवाज.

चिकटपट्टी जागच्या जागी आहे. आतून ओली लागते.

सोडणार नाही. बघणार नाही. हितेंद्र सोडेल पट्टी, तोच लावेल —

शिल्पाचा आवाज. दोंडाईच्याहून आली असेल. इतक्या लवकर कशी? म्हणते आहे अक्का, पाणी तापलं — दार उघडा — रथ यायच्या आत —

जिन्याला कुलूप तसंच आहे. खिडकीतून दिसतं.

मी अजून लिहिते आहे. अक्षर माझंच आहे. मी लिहिते आहे, म्हणजे मी अजून