मयतांच्या यादीनंतर रेडिओ बंद करू नका

ओकेयोच्या बाबांना नैरोबीहून नमस्कार.

माझे गुडघे बरे आहेत. सून वेळेवर मक्याची गरम उगाली वाढते. तुम्ही गोळ्या घेता ना?

इथे रोज बातम्या ऐकते. एका साहेबाने खतात माती मिसळून विकली, आता छातीत दुखतंय म्हणून इस्पितळात निजलाय. पकडलं की बरोबर यांच्या छातीत दुखतं! एका चोराने चर्चमधला ढोल पळवला आणि घरी वाजवून बघताना सापडला.

तुम्ही मात्र मयतांची नावं ऐकली की सेल वाचवायला रेडिओ बंद करता. खेळाच्या बातम्या त्यानंतर असतात हो! म्हणून तुम्हाला कळलंच नाही. आपल्या नातीने, अवुओरने, शनिवारी गोलात उभं राहून दोन पेनल्टी अडवल्या. ‘अवुओर ओगोला’ असं तुमचं नाव लावून सांगितलं. तुमचं नाव रेडिओवर आलं, आणि तेही मयतांत नाही!

पोरीने चड्डी घालून खेळायचं नाही म्हणून तुम्ही अबोला धरलात. काल ती विचारत होती, “आजी, म्हातारा ऐकेल का गं?” मी म्हटलं, “ऐकेल. न ऐकून जातोय कुठे!”

या शनिवारी फायनल आहे. बसवाल्याकडे हे पत्र दिलंय, सोबत नवे सेल आहेत.

तुमची,
ओकेयोची आई