लिनक्समध्ये अडकलेला गणपती

हमरापूर, मंगळवार संध्याकाळ

काळी विंडो उघडते आणि लगेच मिटते. दुपारपासून हेच चाललंय. लॅपटॉपमधलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या आतच चालणारी दुसरी सिस्टीम, मीच आज अपडेट केलं, आणि माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या, शेवटच्या मूर्तीचं थ्रीडी स्कॅन त्याच्याच आत आहे. आमच्या कारखान्यातल्या यंदाच्या गणपतींचा साचा त्यावरूनच निघणार होता. दुसरी कॉपी? नाही. का नाही ठेवली मी? मूळ मूर्ती फुटली, आणि आबांचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला.

रोह्याला भावाला फोन केला. तो कंपनीत कॉम्प्युटरचंच काम बघतो. म्हटलं, "सगळं काढून नव्याने टाकते."

तो ओरडलाच, "नको गो ताई! काढलंस तर आतलं सगळं पुसलं जाईल. आधीचं व्हर्जन टाकून बघ."

टाकलं. पुन्हा तीच काळी विंडो.

शेवटी आबांना सांगितलं. मला रडू आवरेना. ते म्हणाले, "नाय उघडत तर नाय. शाडू भिजव. मी सांगतो, तू हात चालव."

"आणि चेहरा?"

"तो पण तूच."

लग्न होऊन आल्यापासून आबांनी मला कुठल्याच मूर्तीच्या चेहऱ्याला हात लावू दिला नव्हता. माती भिजवलीय. चेहऱ्यासाठीचा पहिला गोळा हातात घेतलाय.