आईच्या दिवशीची भरती

रावेने, ४ मार्च १९३७

ति. हेनारेदादास, पिरिहिराचा सा. न. वि. वि.

आईला वर्ष होतंय, थडग्याच्या दगडावरचं कापड काढायला ये, हे तुझं पत्र पोचलं. यंदा बोलवायची आठवण झाली म्हणायची.

गेल्या वर्षी आईला इकडे बाबांशेजारी आणायचं म्हणून मी तिथे भांडले नि माझी बाजू मांडायला इथली वडीलधारी माणसं आणावीत म्हणून रावेनेला परत आले. तू म्हणालास, उद्या भरतीला तिला होडीतून वाळूपलीकडे पुरायला नेऊ, त्याआधी या. आमच्या धक्क्याच्या भरतीचा हिशेब धरून आम्ही निघालो. पोचतो तर तुम्ही माती देऊन, हात धुऊन जेवायला बसलेले. खाडी एक, पाणी एक, मग भरती तुझ्याकडेच आधी कशी? पाणी कुठे मुरतंय ते मला कळतं.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग. लोभ उरला असेल तर ठेव.
पिरिहिरा

ओमापेरे, ९ मार्च

चि. पिरिहिरा हिस अनेक आशीर्वाद.

बहीण आहेस की फौजदार? अगं, भरती समुद्रातून येते. आधी खाडीच्या तोंडाशी, माझ्या दारात. मग आत शिरते, वळणं घेते, चिखलात नि खारफुटीत रेंगाळते आणि तासाभराने तुझ्याकडे पोचते. वऱ्हाड जसं दर घरी टेकत जातं तसं. माझं खरं वाटत नसेल तर लोण्यासाठी धक्क्याधक्क्यावरून साईचे कॅन गोळा करणाऱ्या लाँचवाल्याला विचार.

गुडघा बरा आहे. तुझ्या जिभेची काळजी घे.
हेनारे

रावेने, १५ मार्च

ति. दादास सा. न. वि. वि.

विचारलं. हसला मेला. म्हणाला, सगळ्या धक्क्यांना एकदम भरती आली असती तर मी चिखलात कशाला रुतलो असतो?

म्हणजे पाणी निर्दोष. पण तू? तुझा जन्म इथला, मिसरूड फुटेपर्यंत याच धक्क्यावर मासे मारलेस. तुला हा फरक ठाऊक होता. मग मी निघताना का नाही बोललास? मी न आलेलीच तुझ्या सोयीची होती. हो की नाही, एवढंच लिही. नाहीतर दगड तुमचा तुम्ही बघा.
पिरिहिरा

ओमापेरे, २१ मार्च

चि. पिरिहिरा हिस मेरेआनामावशीचे आशीर्वाद.

तुझं पत्र बाजूला ठेवून हेनारे जाळी शिवत बसलाय. म्हणून मी लिहिते.

त्या दिवशी रडारडीत सांगायचं राहिलं, खरंय. भरती भरली नि तुम्ही दिसेनात, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. होडीचा दोर धरून तो उभा राहिला. सगळे ओरडले, पाणी उतरतंय. तो म्हणाला, तिच्याकडे अजून चढतंय, ती येईल. तळ वाळूला घासला तेव्हा आम्हीच त्याच्या हातून दोर हिसकावला. आई न्यायलाच येणाऱ्या बहिणीची वाट पाहत होता तो. तुला हे सांगितलं का नाही, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, तिला आणखी एक सबब वाटली असती.

मावशीवर तरी विश्वास असू दे.
मेरेआना

रावेने, २६ मार्च

ति. दादास सा. न.

दोन दिवस आधीच येते, रताळी सोलायला. भांडायला वडीलधाऱ्यांना आणत नाही. आई तुझ्यापाशीच राहू दे.

तुझी,
पिरिहिरा