मोरीसानची टीम वर गेली

मेसईद (कतार), गुरुवार, ५ नोव्हेंबर १९८१

पेढे वाटायची घाई नडली मला आज.

मोरीसान इथल्या स्टील प्लांटमध्ये फिटर. जपानात त्याच्या कंपनीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. अर्धा दिवस कारखाना, अर्धा दिवस सराव, अशी त्यांची ती खालची लीग. मार्चमध्ये परत जाऊन खेळायचं, म्हणून ड्युटी सुटली की रोज माझ्या वर्कशॉपच्या पत्र्यावर बॉल मारून झेलत बसायचा. धाड, धाड. मी कधी ओरडलो नाही.

आज मात्र पत्रा वाजायच्या आधीच पत्र घेऊन आत आला. “कदमसान, टीम वरच्या लीगमध्ये गेली.”

झालं! मी सगळ्या कामगारांना हाका मारल्या, दोह्याहून आणलेला पेढ्यांचा डबा फोडला. त्यानं वाकून एक घेतला, पूर्ण खाल्ला. मग म्हणाला, “लीग मोठी झाली. आता कॉलेजचे खेळाडू घेतले. मी नको.” आणि हसला.

मशीनचा आवाज जरा बदलला तरी मला लांबून कळतं. हे हसू ऐकूनही मी विचारलं काय, तर “उद्याच्या कामगारांच्या मॅचला आपल्या गोलमध्ये उभा राहशील ना?” मूर्खच मी.

“शिट्टी द्या मला,” म्हणाला. “उद्या मी रेफरी.”