ओट्याखालच्या वहाणा

तारापूर, सन १९६६

चिरंजीव कृष्णकांतास बायचे अनेक आशीर्वाद. तुला एक थोरली बहीण आहे, ती तारापूरला दिली आहे आणि अजून जिवंत आहे, एवढं आठवलं तर पुढचं वाच. दिवाळीला आला नाहीस, विसरलो म्हणशील. लहानपणी नदीवर न्यावं तर अंगावरचे कपडे तिथेच विसरून यायचास, तेव्हा मला नवल नाही. माकुणसारची वाडी कशी आहे, तुझ्या धाकट्या सुलूचा खोकला बसला का, ते कळव.

हे पत्र सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई लिहीत आहेत. (मी नाय म्हणते, त्या नाही लिहितात. लिहू देत.) तुझ्या भावोजींच्या पायात श्रावणात खिळा गेला, ती जखम भरत नाही. डॉक्टर म्हणतात, अंगात साखर आहे. (चहात मी कधी दुसरा चमचा घातला नाही. ह्यांनी कुठून जमवली कोण जाणे.) दसऱ्याच्या आधी या बाई मोठी वही घेऊन दारात आल्या. घरात माणसं किती, म्हाताऱ्यांचं करतं कोण, असं विचारत होत्या. ओट्याखाली आमच्या रामनाथच्या जुन्या वहाणा असतात. मी मुद्दाम ठेवते. तरण्या माणसाच्या वहाणा दिसल्या की परका घर भरलेलं समजतो. बाईही तसंच समजल्या, आणि मीही सांगून टाकलं, लेक, सून, दोन नातवंडं, सगळी आमचं करतात. पोटचा लेक असून नाही कसं म्हणायचं, तूच सांग. बाईंनी सहा माणसं लिहिली आणि म्हणाल्या, छान, मग ह्यांना दिवसाआड दवाखान्यात आणा. घरी येऊन पट्टी आम्ही ज्यांचं कुणी नाही त्यांनाच करतो.

झालं! माझ्याच तोंडाने मी ह्यांची पट्टी घालवली. पहिल्या खेपेला शेजारच्या भिकाच्या बैलगाडीतून नेलं आणि रामनाथ कामावर आहे म्हटलं. दुसऱ्या खेपेला सून मंदा माहेरी गेली म्हटलं. मग भिकाचा भात कापणीला आला, गाडी मिळेना, तेव्हा मीच हळद भरत राहिले. हळदीने वास लपत नाही. शेवटी बाईच आल्या. "आजी, सून अजून माहेरीच? बाळंतपण आहे का?" "हो तर," मी म्हटलं, "जुळं आहे." तेवढ्यात वहाणांवर बसलेली आमची कोंबडी ओरडत उठली, आणि खाली तीन अंडी. बाईंनी अंडी पाहिली, वहाणा पाहिल्या. अंडी माझ्या पदरात घातली आणि आत जाऊन ह्यांचा पाय धुवायला बसल्या. एक बोट काळं पडलं होतं. (इथे बाई थांबल्या आहेत. लिहा हो, तुमचा काय दोष?) मग त्यांनी वहीतले सहा खोडून दोन केले. एका रेघेत माझी चार माणसं गेली.

बाकी सर्व ठीक. काळजी करू नकोस. तशी तुला सवयही नाही.

तुझी बाय

ता.क. मागच्या दोन पत्रांत रामनाथचा नमस्कार होता, तो मीच घातला होता. तो बायकापोरांना घेऊन मुंबईला गेला त्याला दोन पावसाळे झाले. खोली बदलली, नवा पत्ता कळवला नाही. त्याला बोलू नकोस.

आणखी ता.क. सोमवारी पालघरला ह्यांचं बोट कापायचं आहे. उचलून बसवायला माणूस लागेल, माझ्याने होत नाही. चिठ्ठीवर सोबत कोण असं विचारलं, तिथे मी तुझं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "आजी, हे तरी खरं ना?" मी हो म्हटलं आहे. तिथे रोग्याला जेवण मिळतं, सोबतीच्या माणसांना नाही. येताना सुके बोंबील आण. भाकऱ्या बांधून आणू नकोस, त्या एका दिवसात संपतील आणि तू जायला उठशील. दहा दिवसांचं तांदळाचं पीठ आण.