ड्रॉवरमधला बॅज

मंगळवार संध्याकाळ, नायगाव

जीव नुसता शिणलाय. सावंतकाका आज अणुभट्टीच्या इमारतीत दुरुस्तीला गेले आणि त्यांचा बॅज मला सापडला त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. अंगावर किती किरणोत्सर्ग आला ते मोजणारा बॅज. तो लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं ना?

विचारलं तर म्हणाले, “माझी वर्षाची मर्यादा भरत आलीय गं. मला थांबवलं तर माझ्या जागी प्रशांतला पाठवतील. त्याची मुलगी दोन महिन्यांची आहे.”

बॅज देणं, त्यांची नोंद ठेवणं हे माझंच काम. मी रिपोर्ट लिहिला. दुसरं काय करणार होते? काकांचं आत जाणं बंद झालं. तरी येताना कंपनीच्या बसमध्ये त्यांनी रोजच्यासारखी माझी जागा धरली होती.

उद्या प्रशांत आत जाणार. त्याच्या हातात बॅज मलाच द्यायचाय.