ठमीचा फोटो

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली, तीही पंख्याखाली बसून! चौथीत शाळा सोडलेल्याला आणखी काय पाहिजे? खोलीत आठ कॉम्प्युटर, खिडक्यांना कागद चिकटवलेले. काम शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. शाळकरी पोरांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो समोर येतात. गणवेशावरचा बिल्ला बघायचा, मागची पाटी वाचायची, चौकटी भरायच्या : शाळा, बस, सुटायची वेळ, घरी कोण असतं. दप्तरांच्या जाहिरातीसाठी आहे म्हणे. फोनवर धाकटी बहीण ठमी म्हणाली, शेवटी तूही शाळेत लागलास तर.

६ तारीख, गुरुवार
मास्तर म्हणाले, तुझी नजर घारीची आहे. एका पोराच्या चष्म्यात समोरचं दुकान दिसलं, त्यावरून मी त्याची गल्ली काढली.
ठमी आठवीत पहिली आली. गळ्यात ओळखपत्र घातलेला तिचा फोटो माझ्या पानावर टाकला. खाली लिहिलं, आमची वाघीण, एकटीच बसने जाते. दोनशे जणांनी वाहवा केली. ओळखीचे वीसही नसतील.

११ तारीख, मंगळवार
त्या चष्मेवाल्या पोरापुढे लाल खूण आली. शेजारचा म्हणाला, लाल म्हणजे काम झालं. कसलं, विचारल्यावर त्याने पुढचा फोटो उघडला. पोराचं पान उघडलं. आई रोज लिहितेय, कुणी पाहिलं का याला.
गल्ली मी काढली होती.

१३ तारीख
आज ठमी आली समोर. मी टाकलेलाच फोटो. सगळ्या चौकटी भरलेल्या. घरी कोण : आजी, कमी ऐकू येतं. विश्वास कुणावर : दादावर. माझा फोटो लावलेलं दुसरंच पान — आठवडाभर तिच्याशी बोलतंय. त्यावरचा शेवटचा निरोप : उद्या मित्र गाडी घेऊन येईल, गेटपाशी थांब, आजीला सांगू नकोस.
मास्तरांना म्हटलं, माझी बहीण आहे. ते म्हणाले, "प्रत्येक पोर कुणाचं तरी असतंच. आणि फोटो कुणी टाकला रे?"

१४
फोन कालच काढून घेतला. दार बाहेरून बंद. पाचला शाळा सुटते.

साडेचार. इथल्याच कॉम्प्युटरवर माझं पान उघडलं. लिहिलं, ठमे, जाऊ नकोस, मी दादा. उत्तर आलं — दादाने सांगितलंय, हे पान चोरीला गेलंय. तू कोण?

आम्हा दोघांनाच माहीत असलेलं काहीतरी — झाडावरून पडली ते? पानावर टाकलंय. आईची शेवटची साडी — तेही टाकलंय. काहीच ठेवलं नाही मी —

पाचला दोन मिनिटं. आठवलं एक. ठमे, तू लहान असताना मला —

तिच्या नावापुढे ला